विमान गार करायचे दिवस

आमच्या घरातला कूलर बिघडला की बायको मला विचारत नाही, सरळ मिस्त्रीला फोन लावते. तो येऊन जाईपर्यंत मी कूलरच्या आसपास फिरकू नये, अशी तिची अपेक्षा असते. वास्तविक माझं शिक्षण उष्णतेच्या विषयातलं. चंडीगडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी कित्येक वर्षं तापमान मोजण्याचा पगार घेतो आहे, आणि नव्याने लागलेल्या मुलांना उष्णता कशी वाहते यावर व्याख्यानं देतो. मुलं ती लिहूनही घेतात. पण घरात यातल्या कशालाही किंमत नाही, आणि त्याला कारण सरांचं विमान.

सर म्हणजे हवाई दलातून निवृत्त झालेले एक विंग कमांडर. आमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना 'विमानवाले' म्हणायचे, मी सर म्हणायचो. माणूस मूळचा नागपूरचा. देशभर बदल्या झाल्या, शेवटची नेमणूक चंडीगडला मिळाली, आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. कारण तोवर त्यांनी शहराबाहेर मुल्लानपूरला एका शेतकऱ्याची पत्र्याची शेड भाड्याने घेऊन त्यात विमान बांधायला घेतलं होतं. स्वतःच्या हातांनी, दोन माणसांचं, खरंखुरं उडणारं. निदान 'उडणारं' हा शब्द आम्ही सगळे तेव्हा बेधडक वापरायचो.

ओळख झाली ती मंडळाच्या गणपतीत. हॉलमध्ये एसी लावलेले होते आणि तरी माणसं घामाने डबडबली होती. मी चार-पाच जणांना कोपऱ्यात घेऊन असं का होतं ते समजावून सांगत होतो. माणसांच्या अंगाची उष्णता, दिव्यांची उष्णता, छताची उष्णता, असं माझं रीतसर चाललं होतं. तेवढ्यात हातात पेटत्या उदबत्त्यांचा जुडगा घेतलेले एक उंच, वाळके गृहस्थ येऊन उभे राहिले. मला वाटलं, भाविक दिसतात. त्यांनी माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग उदबत्त्या एसीच्या समोर धरल्या. धूर सरळ रेषेत निघाला, माणसांच्या डोक्यांवरून गेला आणि रंगमंचाच्या पडद्यामागची एक उघडी खिडकी होती तिच्यातून बाहेर पडला.

"हवा आळशी असते," ते म्हणाले. "सोपा रस्ता दिसला की कामाला नाही जात."

कोणीतरी जाऊन खिडकी लावली. दहा मिनिटांत हॉल गार झाला आणि माझे श्रोते पांगले. हे गृहस्थ मात्र तिथेच उभे होते. तुम्ही उष्णतेवाले ना, इंजिन पाहायला येता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईन की, केव्हा? ते म्हणाले, आत्ता. आरती व्हायची होती. बायको आणि मुलगी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मी गेलो. त्या दोघी रात्री कोणाच्या तरी गाडीतून घरी आल्या, आणि हा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

तेव्हाचं मुल्लानपूर म्हणजे अर्धं शेत आणि अर्ध्या पाट्या. गव्हाच्या कडेला मोठमोठे फलक, त्यांवर गुळगुळीत इमारतींची चित्रं, आणि एकही घर नसलेले सहापदरी रस्ते. त्या रस्त्यांच्या टोकाला सरांची शेड होती. आत विमान होतं, पंख मात्र भिंतीला टांगलेले. आणि नाकात ते इंजिन, ज्याच्यापायी पुढचं सगळं रामायण घडलं.

ते रोटरी इंजिन होतं, एका जुन्या जपानी गाडीतून काढलेलं. नेहमीच्या इंजिनात दट्टे वरखाली होतात. याच्यात तसलं काही नसतं. समोशासारखा तीन कोनांचा एक लोखंडी गोळा पोकळीत गरगर फिरतो, बस्स. आकाराने लहान, वजनाने हलकं, ताकदीला जबर, थरथर जवळजवळ नाही. विमानाला आणखी काय हवं? दोष एकच. ते तापतं. पाणी तापतं, तेल तापतं, धुराचा नळ तर लालभडक होतो. गाडीत त्याच्यापुढे मोठा रेडिएटर लावता येतो. विमानाच्या नाकात जागा असते वीतभर, आणि तिथे मोठं भोक पाडलं तर विमान वाऱ्याला अडतं. तेव्हा छोट्या तोंडातून हवा घ्यायची, रुंद होत जाणाऱ्या बोगद्यातून तिला मंद करायची, रेडिएटरच्या जाळीतून ढकलायची आणि खालून बाहेर सोडायची. सांगायला इतकं सोपं आहे की पहिल्या दिवशी मी सरांना म्हणालो, दोन महिन्यांचं काम आहे.

पुढे दुसरा गणपती आला, तिसराही आला.

सर कधी खाली बसत नसत. चहासुद्धा शेडमध्ये येरझाऱ्या घालत प्यायचे. कुठल्याही वस्तूला हाताची पालथी बाजू लावून तिचं तापमान सांगायचे. चहाचा कप, गाडीचं बॉनेट, एकदा तर मंडळाच्या अध्यक्षांचं कपाळ. अध्यक्षांना खरंच ताप निघाला. विमानाला ते विमान म्हणत नसत, 'ते' म्हणायचे. ते आज तापून राहिलं, ते आज रुसून बसलं. खिशात काड्यापेटी आणि उदबत्त्या कायम. मंडळातल्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या, की बघा, एवढा मोठा अधिकारी, पण देवाधर्माचं किती करतो.

त्यांच्या जुन्या व्हॅनवर लाल लोकरीचे वीतवीतभर धागे चिकटवलेले असायचे, शेकड्यांनी. वारा कुठून कसा वाहतो ते त्या धाग्यांवरून दिसतं. पंजाबात लोकांना वाटायचं, हा नवस आहे. ढाब्यावर एका ट्रकवाल्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की हे कुठल्या पीराचं, आणि गुण येतो का.

आयुष्यभर सरांनी दुसऱ्यांची विमानं तयार करून दिली. तांत्रिक शाखेत होते. पहाटे उठून विमान तपासायचं, सही करायची, मग कोणीतरी तरुण पोरगा येऊन त्यात बसणार आणि उडून जाणार. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या खर्चाने विमान चालवायचं शिक्षण घेतलं, परवानाही मिळवला. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती: आपण बांधलेलं विमान आपण उडवायचं. एकदा. याच्या पुढचं मागचं त्यांनी काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

आणि मी त्यांना आणखी मोठं तोंड करायला सांगितलं. माझा पहिला तज्ज्ञ सल्ला तोच होता: हवा कमी पडते, भोक वाढवा. सरांनी आठ दिवस खपून नाकाचा नवा साचा केला. इंजिन पूर्वीइतकंच तापलं. मग त्यांनी उदबत्ती धरून दाखवलं की वाढीव हवा आत येते, रेडिएटरला बघते आणि कडेच्या फटींतून निघून जाते. त्यांनी फटी रबराच्या पट्ट्या लावून बुजवल्या, तोंड पुन्हा लहान केलं, आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांचा प्रयोगशाळेच्या माणसावर विश्वास होता. इतका की मला स्वतःलाही माझ्यावर थोडा बसला.

बोगद्यात हवा नेमकी कशी वागते ते पाहायला आम्ही बोगदा आणि रेडिएटर व्हॅनच्या टपावर बांधला. रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवायचं आणि मुल्लानपूरच्या रिकाम्या रस्त्यांवर व्हॅन पिटाळायची. सर चालवायचे. मी मागच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप, खिडकीतून आत आलेल्या वायरी, आणि सरांचा आग्रह म्हणून डोक्यावर हेल्मेट. एक दिवस पोलिसाने अडवलं. तो व्हॅनभोवती एक पूर्ण फेरी मारून आला. धागे पाहिले, टपावरची पेटी पाहिली.

"छत ते कूलर लाया होया है?" त्याने विचारलं.

सरांनी अस्खलित पंजाबीत सांगितलं की कूलर नाही, विमानाचा रेडिएटर आहे. विमान कुठे आहे, असं त्याने साहजिकच विचारलं. बनतंय, असं सर म्हणाले. मग त्याने मान आत घालून माझ्याकडे पाहिलं आणि तुम्ही कोण म्हणून विचारलं. मी हेल्मेटच्या आतून म्हटलं, "मैं साइंटिस्ट हूँ." त्यावर त्याने गाडीचे कागदसुद्धा मागितले नाहीत. सावकाश जा, एवढंच म्हणाला, आणि तेही सरांना, माझ्याकडे बोट दाखवून.

त्या फेऱ्यांत एक गोष्ट ठरली. बोगद्याचा आकार चांगला जमला होता. व्हॅनवर पाणी झकास गार व्हायचं. पण तोच बोगदा विमानाच्या नाकात बसवून इंजिन सुरू केलं की काटा लाल खुणेकडे चढायला लागायचा, आणि तो कुठे थांबतो ते न पाहताच आम्ही घाबरून इंजिन बंद करायचो. मी म्हटलं, आता सगळं मोजल्याशिवाय इलाज नाही.

मोजणं हा माझा प्रांत. रेडिएटरच्या पुढ्यात, बोगद्याच्या आत, मी एक तारेची जाळी बसवली आणि तिच्यावर तापमान टिपणाऱ्या बारीक नळ्या लावल्या. सुरुवातीला चारच. इंजिन तापलं. चार जागांवरून काय कळणार, असं म्हणून मी आणखी लावल्या. इंजिन जास्त तापलं. याचा अर्थ माहिती अजून अपुरी आहे, असा मी काढला आणि हवेचा दाब टिपणाऱ्या नळ्याही घातल्या. प्रत्येक नळीमागे एक वायर, वायरींच्या जुड्या, जुड्यांना पट्ट्या. माझ्या पडद्यावर निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांचा इतका देखणा नकाशा उमटायचा की सर हात मागे बांधून तो पाहत उभे राहायचे. दिवाळीला फराळाला आलेल्या मंडळींना त्यांनी तो दाखवला. मी नम्रपणे मान खाली घातली होती.

जानेवारीत आमच्याकडे धुकं पडतं, दुपारपर्यंत समोरचा माणूस दिसत नाही. शेडमध्ये आम्ही दोघं मफलर गुंडाळून, हातमोजे घालून थरथरत उभे असायचो. माझ्या नाकाचा शेंडा बधिर झालेला असायचा, आणि आमच्यामध्ये ते इंजिन पाणी उकळत बसलेलं. अख्ख्या चंडीगडात त्या दिवसांत ऊब असलेली ती एकच जागा होती, आणि ती नसावी म्हणून दोन शिकलेली माणसं झटत होती.

घरी मुलगी सुरुवातीला रोज विचारायची, "पापा, अंकल का प्लेन कब उड़ेगा?" मी मराठीत सांगायचो, लवकरच. हळूहळू तिने विचारणं सोडून दिलं. मला ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

कारण घाई आता खरी होती. विमान चालवायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो. सरांना दाखला देणारे डॉक्टर त्यांच्या नोकरीतलेच जुने स्नेही. त्यांनी यंदा डोळे तपासले, छाती तपासली, सही केली आणि सांगितलं की हा मार्चअखेरपर्यंत आहे, पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नकोस, मी सही करणार नाही आणि तुला नाही म्हणायचंही मला जमणार नाही. दुसरीकडे, विमान उडवायची परवानगी द्यायला जो तपासनीस येणार होता त्याची अट होती की इंजिन जमिनीवर पुऱ्या जोरात अर्धा तास चाललं पाहिजे आणि काटा लाल खुणेपलीकडे जाता कामा नये. आमचा काटा दहाव्या मिनिटाला पलीकडे जात होता.

म्हणजे मार्च संपायच्या आत इंजिन गार राहिलं तर सर उडणार, नाही तर कधीच नाही. हे सरांनी मला एकदाच सांगितलं, येरझाऱ्या घालताना, पाठ माझ्याकडे असताना. मी त्या रात्री आणखी नळ्यांची ऑर्डर दिली.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, शेडवर क्वचित यायच्या. डबा पाठवायच्या, त्यात गोळाभात किंवा सांबारवडी, म्हणजे नागपूरकडची कोथिंबिरीची वडी, असायची, आणि सांबारवडी असली की माझी संशोधनवृत्ती अधिक तीव्र व्हायची. जानेवारीत एकदा डबा परत द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. सर औषधं आणायला गेले होते. काकूंनी माझ्यापुढे बशी ठेवली आणि इंजिन कसं आहे म्हणून विचारलं. मी तोंडभर दिलगिरी व्यक्त केली. अजून तापतंच आहे, पण मी सोडणार नाही, काहीही झालं तरी मार्चच्या आत, वगैरे.

काकू म्हणाल्या, "तापू दे ना. ते तापून राहिलं तोवर हे घरी आहेत."

मी वडी हातात धरून बसून राहिलो. इतके दिवस मला वाटत होतं की हा प्रश्न पाणी, तेल आणि हवा यांचा आहे. त्या बाईने आयुष्यभर धावपट्टीच्या शेजारी संसार केला होता. कोण गेलं आणि कोण परत आलं नाही ते त्यांना माझ्यापेक्षा पक्कं माहीत होतं. मी आणखी एक वडी घेतली. सरांना यातलं काही सांगू नका, असं त्या म्हणाल्या आणि डबा धुवायला घेऊन गेल्या.

तपासनीस मार्चच्या सुरुवातीला आला. तारीख पुढे ढकलायला जागा नव्हती आणि आदल्या दिवशीसुद्धा इंजिन तापलं होतं. सरांनी नवा शर्ट घातला होता. त्या दिवशी काकूही आल्या होत्या, कोपऱ्यात शेगडीवर चहा टाकून बसल्या होत्या. विमानाची शेपटी शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला दोराने बांधलेली. तपासनीस म्हणजे एक शांत, जाडसर सरदारजी. त्यांनी सावकाश सगळं पाहिलं आणि नाकापाशी येऊन थांबले. माझ्या वायरींचा जुडगा बोगद्यातून बाहेर येऊन टेबलापर्यंत गेला होता. हे काय, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ये जहाज़ का पार्ट है?"

मी म्हटलं, पार्ट नाही, हे मापन आहे.

"तो निकालो जी. टेस्ट जहाज़ का होगा."

मी अडून बसलो. मी म्हटलं, हे काढलं तर आत काय चाललंय ते आपल्याला कळणार कसं? इंजिन जळेल. सर, तुम्ही तरी सांगा यांना. माझा आवाजही चढला असावा, कारण ट्रॅक्टरवरचा शेतकरी खाली उतरून आला. सर म्हणाले, पुढे एक काटा आहे ना, पुरे आहे. आणि त्यांनी स्वतः स्क्रू काढून ती जाळी नळ्यांसकट ओढून बाहेर काढली. ती मोठी होती, आडवीतिडवी अडकत आली. मी ती दोन्ही हातांनी झेलली आणि बाजूला जाऊन उभा राहिलो.

इंजिन सुरू झालं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. काटा लाल खुणेच्या बराच अलीकडे येऊन थांबला आणि तिथून हलेना. मी लगेच ओळखलं की काटा बिघडला आहे. अर्धा तास पुरा होऊन इंजिन थांबल्याबरोबर मी धावलो आणि माझा खिशातला थर्मामीटर पाण्याच्या नळीला लावला. त्याने काट्याइतकाच आकडा दाखवला. म्हणजे थर्मामीटरही बिघडला होता. आता मी थांबण्याच्या पलीकडे गेलो होतो. मी तसाच कोपऱ्यात गेलो आणि काकूंच्या उकळत्या चहात थर्मामीटर बुडवला. तो बरोबर होता. उकळत्या चहाला तो उकळता चहा म्हणत होता.

मग मी हातातली जाळी डोळ्यांसमोर धरली. नळ्या, वायरी, पट्ट्या, चिकटपट्ट्या. पलीकडे सरदारजी उभे होते, ते मला दिसले नाहीत.

सरांनी खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि जाळीच्या दुसऱ्या बाजूने धरली. धूर जाळीपर्यंत आला आणि वळून निघून गेला.

"आली बिचारी," सर म्हणाले, "अन् तुझं संशोधन पाहून परत गेली."

आणि ते हसायला लागले. हसता हसता शेडच्या फरशीवर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. हवा आळशी असते हे मला त्यांनी शिकवलं होतं, मीही ते शंभर वेळा ऐकलं होतं, आणि दोघांनी मिळून महिनोन् महिने तिच्या वाटेत कुंपण घातलं होतं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या कसं लक्षात आलं नाही? ते म्हणाले, अरे, तू प्रयोगशाळेचा, मला वाटलं असंच असते. सरदारजींना मी ते सगळं हिंदीत समजावून सांगितलं. त्यांनी सही करता करता मान हलवली. काकूंनी शेगडी बंद केली आणि सगळ्यांना चहा दिला. पहिला कप त्यांनी सरांना खाली वाकून दिला, आणि त्या हसत नव्हत्या.

उड्डाण चंडीगडहून दोन-अडीच तासांवरच्या एका छोट्या धावपट्टीवर ठरलं, कारण आमच्या डोक्यावरचं आकाश हवाई दलाचं. विमान पंख सोडवून ट्रकवरून नेलं, तिथे पुन्हा जोडलं. दाखल्याचा शेवटचा आठवडा चालू होता. मला रात्रभर झोप आली नव्हती. माझ्या डोक्यात एकच: या इंजिनात माझ्या हातून आणखी काय राहून गेलं असेल? वर गेल्यावर ते तापलं तर? इतकी वर्षं मी या माणसाबरोबर चहा पीत होतो आणि मला त्यांचा फार लळा लागला होता. खरं सांगायचं तर त्या पहाटे, आज पाऊस पडावा, असं मलाही वाटून गेलं.

पाऊस पडला नाही. आकाश स्वच्छ होतं, लांब उत्तरेला डोंगराची रेघ दिसत होती. सर आत बसले, पट्टे बांधले. माझ्या हातात वॉकीटॉकी दिला. ठरलं असं होतं की ते धावपट्टीच्या वरच गोल फिरतील, मी दर फेरीला तापमान विचारायचं, त्यांनी काटा पाहून सांगायचं. लाल खुणेजवळ गेला की ताबडतोब खाली. मी त्यांना ते तीनदा बजावलं. काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी सरांच्या कॉलरचं एक टोक सारखं केलं आणि मागे सरकल्या.

विमान धावलं. मला वाटलं होतं त्याच्या निम्म्या अंतरातच जमीन सुटली. इतकं सहज की मी विचारायचंही विसरलो. काकूंनी माझ्या दंडाला स्पर्श केला तेव्हा मी बटण दाबलं आणि तापमान विचारलं. सरांनी सांगितलं. ठीक होतं. पहिल्या फेरीनंतर विचारलं, सांगितलं. तेही ठीक. दुसऱ्या फेरीनंतर विचारलं, तर उत्तर नाही.

मी पुन्हा विचारलं. वॉकीटॉकीतून नुसती खरखर. वर विमान शेतांवरून सावकाश वळत होतं, आवाज एकसारखा येत होता. पण आवाज एकसारखा असतानाही आतलं पाणी उकळतं हे मला माहीत होतं, ते मला पगार देऊन शिकवलेलं होतं. मी काकूंकडे पाहिलं नाही. मी बटण दाबून ओरडलो, सर, तापमान सांगा, काटा कुठे आहे, खाली या.

बऱ्याच वेळाने आवाज आला. घाई नव्हती त्या आवाजात.

"पाहिलाच नाही बापा काटा. बाहेर पाहून राहिलो."

मी बटणावरचं बोट काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने मोजणं सोडलं होतं आणि मी त्याला आकडा मागत होतो. काकूंनी माझ्या हातातून वॉकीटॉकी घेतला. त्यांना बटण कुठलं ते कळेना, मी दाखवलं. त्यांनी तो तोंडाच्या अगदी जवळ धरला, जसा फोनवर लांबच्या माणसाशी बोलताना धरतात.

"पाहून घ्या," त्या म्हणाल्या. "सारं पाहून घ्या. मी उभी आहे इथं."

मग त्यांनी वॉकीटॉकी मला परत दिला नाही. विमान तिसऱ्या फेरीला निघालं, आणि आम्ही दोघं वर पाहत उभे राहिलो.